दारू सोडण्यासाठी आधारगट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यातील वाचकांना समोर ठेवून लिहिली आहेत. ती कोणत्याही संघटनेच्या वतीने दिलेली नाहीत. दारूच्या आहारी गेलेल्या व्यक्ती आणि त्यांचे नातेवाईक समुपदेशकांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे घेतले आहेत. दारू बंद केल्यावर हात थरथरणे, भास होणे किंवा झटका येणे असा त्रास ज्यांना पूर्वी झाला आहे, त्यांनी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी वाचावे.

१. व्यसनमुक्ती केंद्र आणि आधारगट यांत काय फरक आहे?

केंद्रात रुग्ण दाखल होतो. तेथे डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक असतात, दारू बंद केल्यानंतरच्या शारीरिक त्रासावर औषधोपचार होतात, आणि बहुतेक ठिकाणी महिना-सव्वा महिन्यात रुग्ण घरी परततो. आधारगटात दाखल होण्याचा प्रश्नच नसतो. दारूपायी स्वतः होरपळलेली माणसे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एखाद्या शाळेच्या वर्गात, चर्चच्या सभागृहात किंवा समाजमंदिरात तास-दीड तास एकत्र बसतात, आपला अनुभव सांगतात आणि दुसऱ्याचा ऐकून घेतात. तेथे केसपेपर नसतो, तपासणी नसते आणि कोणी कोणाचा साहेब नसतो.

या प्रकारच्या गटांमध्ये सर्वांत जुनी आणि सर्वदूर पसरलेली संघटना म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, बोलण्यात नुसते 'एए'. अमेरिकेतील ओहायो राज्यात अ‍ॅक्रन या गावी बिल विल्सन हे शेअर बाजाराशी संबंधित गृहस्थ आणि बॉब स्मिथ हे शल्यविशारद एकमेकांना भेटले. डॉ. स्मिथ यांनी शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ हा दिवस संघटनेचा स्थापना दिवस मानला जातो. भारतात तिचे काम १९५७ पासून चालू आहे. याखेरीज अनेक उपचार केंद्रे आपल्या जुन्या रुग्णांसाठी पाठपुराव्याचे गट चालवतात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण, तसेच फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत स्थापन केलेले कृपा फाउंडेशन, ही त्यांतील ठळक नावे आहेत.

केंद्र आणि गट यांतून एकाची निवड करायची असते, असा समज फार पसरलेला आहे आणि तो नुकसानकारक आहे. पुष्कळ कुटुंबे कर्ज काढून माणसाला केंद्रात ठेवतात आणि तो बरा होऊन आला, आता कशाला रोजच्या मीटिंगा, असे म्हणून गटाचा विषय संपवतात. परंतु केंद्राच्या फाटकाबाहेर तोच नाका असतो, तेच मित्र असतात आणि पगाराची तीच तारीख असते. केंद्रात दारू मिळतच नाही. ती मिळत असताना न पिण्याचा सराव फाटकाबाहेरच करावा लागतो, आणि गट त्यासाठीच असतो.

२. मी फक्त बिअर पितो आणि श्रावण कडक पाळतो. मग मला गटाची काय गरज?

आधी बिअरचा हिशेब पाहू. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रममध्ये साधारणपणे ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे एका 'नाइंटी'तून, अर्थात ९० मिलिलिटरमधून, सुमारे ३८ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. स्ट्राँग बिअरमधील प्रमाण सात टक्के धरले, तर ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीतून सुमारे ४५ मिलिलिटर जाते. म्हणजे ती एक बाटली नाइंटीपेक्षा जड आहे, आणि 'फक्त बिअर' म्हणणाऱ्यांपैकी अनेकजण एका बाटलीवर थांबत नाहीत.

श्रावणाचे म्हणाल, तर महिनाभर थांबता येते एवढेच त्यातून सिद्ध होते. गटारीला किती प्यायले आणि श्रावण किंवा गणपती संपण्याची वाट कशी पाहिली, हे त्याहून अधिक सांगणारे आहे. स्वतःला विचारण्याजोगे प्रश्न वेगळे आहेत. दोनच पेग घ्यायचे ठरवून बसल्यावर दोनवर थांबता येते का? सकाळी हाताची थरथर थांबवण्यासाठी घ्यावी लागते का? रात्री काय बोललो हे सकाळी दुसऱ्याकडून कळते का? बाटली घरात लपवून ठेवावी लागते का? जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी कोणताही मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक दहा मिनिटांत घेऊ शकतो.

गटात बसण्यासाठी मात्र असल्या कोणत्याही चाचणीत उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण व्हावे लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढी एकच अट एएमध्ये असते, आणि ती इच्छा किती प्रामाणिक आहे हेही कोणी तपासत नाही. बायकोने ढकलत आणलेला माणूसही आत बसू शकतो.

३. गटात जायचे ठरवून उद्यापासूनच दारू बंद केली तर चालेल का?

कधीतरी पिणाऱ्याला चालेल. रोज, विशेषतः सकाळपासून पिणाऱ्या व्यक्तीने मात्र डॉक्टरांना न विचारता एकदम दारू बंद करू नये. ही गोष्ट घरच्यांना खरी वाटत नाही, कारण दारू पिणे हाच धोका आणि थांबवणे म्हणजे सुटका, असे त्यांनी वर्षानुवर्षे मनाशी धरलेले असते. वस्तुस्थिती अशी की, सततच्या दारूला सरावलेला मेंदू ती अचानक बंद झाल्यावर उसळी घेतो. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड आणि बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही रुग्णांना दिवस-रात्रीचे भान राहत नाही, भिंतीवर किडे-मुंग्या चालताना दिसतात, कोणीतरी मारायला आले आहे असे वाटते, ताप चढतो. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. तिला बाहेरची बाधा समजून रुग्णाला मांत्रिकाकडे नेण्यात जे तास जातात, तेच तास रुग्णालयात मिळाले तर जीव वाचतो.

यावर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत आणि ती काही दिवसांपुरतीच द्यावी लागतात. त्याबरोबर बी-१ जीवनसत्त्व दिले जाते, कारण दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात त्याची कमतरता असते आणि त्यातून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात 'एक सलाईन लावून घ्या' एवढ्यावर हे भागत नाही. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग हा सर्वांत स्वस्त आणि सहसा योग्य मार्ग आहे.

पहिल्या आठवड्यात प्रकृती स्थिर झाली की गटात जावे. तोवर थांबण्याचा धीर नसेल, तर डॉक्टरांची औषधे चालू असतानाही मीटिंगला बसण्यास हरकत नसते.

४. जवळचा गट कसा शोधावा?

एएचे भारतातील मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे. मोठ्या शहरांत आणि विभागांत इंटरग्रुप म्हणून ओळखली जाणारी स्थानिक कार्यालये असतात, त्यांच्याकडे वारानुसार आणि भाषेनुसार मीटिंगची यादी मिळते. संघटनेच्या संकेतस्थळावर त्यांचे दूरध्वनी असतात, आणि फोन उचलणारी व्यक्ती बहुधा स्वतः दारूतून बाहेर पडलेली असते, त्यामुळे प्रस्तावना करण्याची गरज पडत नाही. सरकारची राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आणि टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तेथून जवळच्या उपचार केंद्राची माहिती मिळू शकते. जिल्हा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक आणि मोठ्या कारखान्यांतील कामगार कल्याण अधिकारी यांनाही स्थानिक गट ठाऊक असतात.

फोनवर तीन गोष्टी नक्की विचारून घ्याव्यात. मीटिंग मराठीत होते, हिंदीत की इंग्रजीत, हा पहिला प्रश्न. मुंबई, पुणे आणि गोव्यात एकाच भागात वेगवेगळ्या भाषांचे गट असू शकतात, आणि परक्या भाषेत स्वतःची लाज सांगणे अवघड असते. दुसरा प्रश्न, मीटिंग खुली आहे की बंद. बंद मीटिंगला फक्त दारू सोडू इच्छिणारी व्यक्ती बसते. खुल्या मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर कोणीही बसू शकतो. तिसरा प्रश्न नेमक्या खोलीचा. हा किरकोळ वाटेल, पण पहिल्यांदा आलेला माणूस फाटकापाशी रेंगाळतो, रखवालदाराला 'एए' कळत नाही, मोठ्याने विचारण्याचे धाडस होत नाही, आणि तो परत फिरतो. 'कोणीतरी फाटकाशी येऊन थांबाल का?' असे फोनवरच विचारावे. ही विनंती गटांना नवीन नसते.

५. पहिल्या मीटिंगला नेमके काय होते? मला बोलावे लागेल का?

बोलावे लागत नाही. नुसते नाव सांगितले तरी पुरे, आणि तेही पूर्ण सांगायचे नसते. 'मी आज फक्त ऐकणार आहे' हे वाक्य कोणत्याही गटात मानले जाते.

खोलीत एक टेबल असते, त्यामागे त्या दिवशीचा सूत्रसंचालक बसतो. भिंतीवर दोन फलक टांगलेले असतात, एकावर बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून सावरण्यासाठी सभासदाने टाकायची पावले, आणि दुसऱ्यावर बारा परंपरा, म्हणजे गट कसा चालवावा याची तत्त्वे. पुष्कळ ठिकाणी ते गुंडाळता येण्याजोगे असतात, कारण खोली गटाच्या मालकीची नसते आणि मीटिंग संपल्यावर सामान पिशवीत भरून कोणाच्या तरी घरी जाते. सुरुवातीला थोडा वेळ शांतता आणि प्रार्थना होते, मग संघटनेच्या साहित्यातून एखादा उतारा वाचला जातो. त्यानंतर एकेक जण बोलतो, यालाच शेअरिंग म्हणतात. 'माझं नाव अमुक, मी दारुडा आहे' अशी सुरुवात होते आणि बाकीचे एकसुरात नमस्कार घालतात. पहिल्यांदा ऐकताना हे विचित्र वाटते. ज्या शब्दाने गल्लीत आपल्याला हिणवले जाते, तोच शब्द इस्त्रीचा शर्ट घातलेला, नोकरी सांभाळून असलेला माणूस सहज उच्चारतो, याचा धक्का बसतो.

एक नियम मात्र कसोशीने पाळला जातो : कोणी बोलत असताना मध्ये बोलायचे नाही, आणि त्याला उलट सल्ला द्यायचा नाही. आपल्या घराघरांत दारू पिणाऱ्याला उपदेशाची कमतरता कधीच नसते; सासऱ्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे तो देतच असतात. गटात त्याला उपदेश मिळत नाही. समोरचा माणूस स्वतःची गोष्ट सांगतो. मुलाच्या फीचे पैसे कसे उडवले, दवाखान्यात वडील शेवटचा श्वास घेत होते तेव्हा आपण कुठल्या गुत्त्यावर होतो, हे तो सांगतो, आणि ऐकणाऱ्याला आपली गोष्ट त्यात ओळखू येते.

मध्ये किंवा शेवटी चहा असतो. ज्यांना दारू सोडून वर्ष झाले, त्यांचा 'वाढदिवस' साजरा होतो, कधी केक कापून, कधी नुसत्या टाळ्यांनी. नवीन माणसाने त्या दिवशी कमीत कमी दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्यावेत. चहाला न थांबता मीटिंग संपताच पाच मिनिटांत निघून जाणाऱ्याला मीटिंगचा निम्माच उपयोग होतो, असे आमचे मत आहे, कारण खरी ओळख चपला घालताना होते.

एका मीटिंगवरून मत बनवू नये. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. एखादा फार गंभीर, एखादा हसरा, एखाद्यात दोन-तीन जुनी मंडळीच बोलत राहतात. चार-पाच वेगवेगळ्या मीटिंगांना बसल्यावर कोठे जमते ते कळते.

६. तेथे ओळखीचे कोणी भेटले तर?

लहान गावात ही शक्यता बरीच असते, आणि लपवण्यात अर्थ नाही. पण तो ओळखीचा माणूसही त्याच कारणासाठी तेथे बसलेला असतो. तेथे कोणाला पाहिले आणि काय ऐकले हे बाहेर न बोलणे हा संघटनेचा पायाच आहे. हजेरीपट घेतला जात नाही आणि आधारकार्ड मागितले जात नाही. याच कारणासाठी बँकेला किंवा कार्यालयाला दाखवण्यासाठी 'हा नियमित येतो' असे प्रमाणपत्र एए देत नाही. ते हवे असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून घ्यावे. ज्यांना तरीही संकोच वाटतो, असे काहीजण सुरुवातीला शेजारच्या तालुक्यातील गटात जातात, त्यातही काही गैर नाही.

अनामिकतेला कायद्याचे संरक्षण मात्र नसते, ते परस्परविश्वासावर चालते. त्यामुळे पोलिसांत प्रलंबित असलेल्या प्रकरणासारखी गोष्ट भर मीटिंगमध्ये न सांगता वकिलांशी बोलावी. डॉक्टरांवर गोपनीयतेचे कायदेशीर बंधन असते, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये ते स्पष्ट नमूद आहे, आणि दारूच्या व्यसनातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थाही त्या कायद्याच्या कक्षेत येतात.

७. खर्च किती येतो?

काहीच नाही. मीटिंगमध्ये एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात सभासद ऐपतीप्रमाणे दहा-वीस रुपये टाकतात, त्यातून खोलीचे भाडे आणि चहा निघतो. नवीन माणसाने काही टाकले नाही तरी चालते. बाहेरच्या देणग्या एए स्वीकारत नाही.

८. बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे. मी देव मानत नाही, किंवा माझा धर्म वेगळा आहे.

उल्लेख आहे हे खरे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. दारूपुढे आपण हतबल झालो आहोत हे पहिली पायरी मान्य करायला लावते आणि पुढील पायऱ्यांत आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकण्याविषयी सांगितले आहे. मात्र ती शक्ती कोणती, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. कोणी विठोबा म्हणतो, कोणी येशू, कोणी अल्लाह, आणि गटालाच ती शक्ती मानणारे नास्तिक सभासदही असतात. पूजा किंवा कर्मकांड तेथे होत नाही. चर्चच्या सभागृहात मीटिंग असली तरी चर्चचा तिच्याशी भाडेकरूपलीकडे संबंध नसतो. एवढे सांगूनही भाषा पटत नसेल, तर पाठपुराव्याचे गट आणि समुपदेशकांनी चालवलेले गट हा पर्याय आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली स्मार्ट रिकव्हरी ही धर्मनिरपेक्ष आणि विचारप्रक्रियेवर भर देणारी पद्धतही ऑनलाइन उपलब्ध आहे, परंतु तेथील व्यवहार मुख्यतः इंग्रजीत चालतो.

याच्याच जोडीने माळेचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात तुळशीची माळ घालून दारू सोडलेली असंख्य माणसे आहेत आणि त्या मार्गाची थट्टा करण्याचे कारण नाही. दिंडीची सोबत, एकादशी आणि रोजचा हरिपाठ यांतून नवे मित्र आणि नवी संध्याकाळ मिळते, गटही दुसऱ्या वाटेने तेच देतो. अडचण येते ती माळ तुटल्यावर. माळ घालून पुन्हा प्यायलेला माणूस पातकाच्या भावनेने सगळ्यांपासून तोंड लपवतो आणि अधिक पितो. गटात मात्र घसरून परत आलेल्याला खुर्ची मिळते. माळ आणि मीटिंग दोन्ही सांभाळणारे वारकरीही आहेत.

९. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. गटात गेल्यावर त्या सोडाव्यात का?

सोडू नयेत. एखादा जुना सभासद 'गोळ्या म्हणजे दुसरी नशा' असे म्हणेल, पण ते त्याचे वैयक्तिक मत झाले; औषधांविषयी निर्णय देणे हे गटाचे काम नाही. नाल्ट्रेक्झोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधे दारूची ओढ कमी करण्यासाठी दिली जातात. नैराश्य किंवा अन्य मानसिक आजारासाठी चालू असलेली औषधे तर मुळीच बंद करू नयेत.

डायसल्फिरामविषयी अधिक सांगणे आवश्यक आहे. ही गोळी घेतलेल्या व्यक्तीने दारू प्यायली, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छातीत धडधडते, रक्तदाब एकदम खाली येतो आणि प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो. ती रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, यकृत व हृदयाची तपासणी करूनच दिली जाते. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारखी आसवे-अरिष्टे आणि खोकल्याची काही औषधे यांतही अल्कोहोल असते, हे ती घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्थानकाच्या भिंतींवर दिसतात. जेवणात गुपचूप कालवण्याच्या त्या पुड्यांमध्ये काय आहे हे विकणारा सांगत नाही, आणि त्यात डायसल्फिराम असल्यास बायकोने काळजीपोटी वाढलेली भाजी नवऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

१०. स्पॉन्सर म्हणजे कोण?

काही वर्षे दारूपासून दूर असलेला आणि बारा पायऱ्यांतून गेलेला सभासद नव्या सभासदाला वाट दाखवतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. तो पैसे घेत नाही आणि उसने देतही नाही. रात्री अकराला प्यावेसे वाटले तर ज्याला फोन करता येईल, असा तो माणूस असतो. चुलतभावाची हळद, कंपनीची पार्टी, थर्टीफर्स्ट, जुन्या मित्राचा 'आज एकच घे, माझी शपथ' असा आग्रह, या प्रसंगांची तयारी त्याच्याशी आधीच बोलून करता येते : उशिरा जाणे, जेवून लवकर निघणे, हातात सरबताचा ग्लास आधीच धरणे, किंवा पहिल्या वर्षी न जाणेच. स्पॉन्सर पुरुषासाठी पुरुष आणि स्त्रीसाठी स्त्री असावा, असा संकेत आहे. आवडलेला पहिलाच माणूस पकडण्यापेक्षा काही मीटिंगा ऐकून मग विचारावे. नाही पटले तर बदलता येतो.

११. स्त्रियांनी कोठे जावे?

एएची प्रत्येक मीटिंग स्त्रियांनाही खुली असते, परंतु आपल्याकडील बहुतेक मीटिंगांत दहा-पंधरा पुरुषांत एखादीच बाई दिसते किंवा एकही दिसत नाही. पुरुषाची दारू समाज सहन करतो, बाईच्या दारूविषयी मात्र चारित्र्यापर्यंत बोलले जाते, म्हणून अनेकजणी घराच्या दाराआडच पीत राहतात आणि उपचाराला फार उशिरा येतात. मोठ्या शहरांत केवळ स्त्रियांच्या मीटिंगा होतात, ऑनलाइन त्या अधिक सहज सापडतात. पुण्यात मुक्तांगणने 'निशिगंध' हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र उपचार विभाग चालवला आहे. मिश्र मीटिंगला जावे लागल्यास पहिल्या वेळी बहीण किंवा मैत्रीण घेऊन खुल्या मीटिंगला जाणे सोयीचे पडते.

१२. नवरा किंवा मुलगा यायला तयारच नाही. घरच्यांनी काय करावे?

घरच्यांनी स्वतःच्या गटात जावे, त्याच्या होकाराची वाट पाहू नये. दारुड्यांच्या नातेवाइकांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे. बिल विल्सन यांच्या पत्नी लोईस या तिच्या संस्थापकांपैकी एक. किशोरवयीन मुलांसाठी तिचीच अलाटीन ही शाखा आहे. या गटांत तीन गोष्टी सुरुवातीलाच सांगितल्या जातात : त्याची दारू तुमच्यामुळे सुरू झालेली नाही, ती तुमच्या ताब्यात येणार नाही आणि तुम्ही ती बरी करू शकणार नाही. 'तूच नीट वागली असतीस तर तो प्यायला नसता' हे सासरचे वाक्य वर्षानुवर्षे ऐकलेल्या बाईला यांतील पहिली गोष्ट ऐकून रडू येते.

व्यवहारात याचा अर्थ असा, की त्याच्या कार्यालयात फोन करून 'त्यांना ताप आहे' असे खोटे सांगणे थांबवायचे, गुत्त्याची उधारी फेडणे थांबवायचे, बाटल्या शोधून मोरीत ओतण्यात रात्र घालवायची नाही, आणि तो शुद्धीवर असताना, सकाळच्या वेळी, एकदाच आणि शांतपणे बोलायचे. त्याच्या वागण्याचे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचू लागले की उपचाराचा विचार त्याच्या मनात येण्याची शक्यता वाढते. ती खात्री नव्हे.

मारहाण होत असेल, तर गट हा त्यावरचा उपाय नाही. ११२ हा आपत्कालीन क्रमांक, १८१ ही महिला मदतवाहिनी आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा यांचा आधार घ्यावा. 'तो प्यायलेला होता' ही सबब कायदा मानत नाही, घरच्यांनीही मानू नये.

आणखी एक इशारा. त्रासलेले कुटुंब कधी कधी माणसाला रात्री गाडीत घालून घेऊन जाणाऱ्या केंद्रांच्या हवाली करते. साखळीने बांधणे, मारणे, घरच्यांना महिनोन्महिने भेटू न देणे हे प्रकार बेकायदा आहेत. केंद्राची नोंदणी, तेथे येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचे नाव आणि भेटीच्या वेळा विचाराव्यात. यांपैकी एकाचेही सरळ उत्तर मिळाले नाही तर तेथून निघावे.

१३. आठ महिने बंद होती, परवा पुन्हा प्यायलो. आता गटात कोणत्या तोंडाने जाऊ?

ज्या तोंडाने पहिल्यांदा गेलात त्याच. पुन्हा पिणे, ज्याला सभासद स्लिप म्हणतात, हे या आजारात वारंवार घडते, आणि त्या खोलीतील अनेकांच्या बाबतीत घडलेले असते. लाजेमुळे लांबवलेले दोन आठवडेच खरे महाग पडतात. प्यायलेल्या अवस्थेत गेलात तरी बहुतेक गट बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलू नका असे सांगतात. पुन्हा बरेच दिवस सतत पिणे झाले असेल, तर तिसऱ्या प्रश्नातील वैद्यकीय सूचना नव्याने लागू होते.

१४. याचा उपयोग होतो याला पुरावा आहे का?

आहे. कोक्रेन या संशोधन-आढावा संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक सहभागी यांचा आढावा प्रसिद्ध केला. एए आणि बारा पायऱ्यांकडे रुग्णाला पद्धतशीरपणे वळवणारे उपचार, दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, अन्य प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा काहीसे सरस ठरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. वर्षअखेरीस पूर्ण दारूमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४२ विरुद्ध ३५ टक्के होते. हे अभ्यास बहुतांशी अमेरिकेतील आहेत. शिवाय गटात गेल्यावरही अनेकजण पितात, हेही त्याच आकड्यांतून दिसते, म्हणून हमखास गुण येतो असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आपल्याकडची स्थिती वेगळ्या अर्थाने बिकट आहे : केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षण अहवालानुसार दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळालेला होता.

१५. मी परदेशात राहतो. मराठीत मीटिंग मिळेल का?

परदेशी शहरांत इंग्रजी मीटिंग भरपूर असतात, मराठी प्रत्यक्ष मीटिंग मिळणे कठीण. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर ऑनलाइन मीटिंगांचे प्रमाण खूप वाढले आणि भारतीय वेळेनुसार चालणाऱ्या मीटिंगांना कोठूनही बसता येते. मुंबईच्या कार्यालयाकडे त्यांची चौकशी करावी. पडद्यावर आडनाव लिहू नये आणि कानात इअरफोन असावा, कारण गुप्तता आपलीच नाही, बोलणाऱ्या सर्वांची असते. ऑनलाइन मीटिंग मिळते म्हणून जवळचा प्रत्यक्ष गट टाळणे मात्र आम्हाला पटत नाही. कॅमेरा बंद करून बसलेल्या माणसाच्या तोंडाचा वास कोणाला येत नाही.

१६. आमच्या तालुक्यात गटच नाही. काय करावे?

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि २०१६ पासून तेथे मुक्तिपथ हा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम गावोगावी चालतो. पण असे संघटित काम प्रत्येक जिल्ह्यात नाही. तोवर आठवड्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणच्या मीटिंगला जाणे आणि मधल्या दिवशी ऑनलाइन बसणे, हा मार्ग अनेकजण धरतात.

काही महिने स्थिरपणे दारूपासून दूर राहिल्यावर स्वतःच गट सुरू करता येतो. दारूमुक्त राहण्यासाठी एकत्र बसलेली दोन माणसेही एएचा गट मानली जातात, त्यासाठी परवाना लागत नाही. जवळच्या इंटरग्रुपला कळवल्यास साहित्य मिळते आणि पहिल्या काही मीटिंगांना जुने सभासद येऊन बसतात. जागेसाठी ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शाळेला विचारावे. बारच्या वाटेवरची जागा घेऊ नये. बाजाराचा दिवस टाळावा, कारण त्या दिवशी हातात पैसे असतात आणि माणसे घरी उशिरा पोहोचतात. एकदा वार आणि वेळ ठरली की बदलू नये. पाऊस असो, सुगी असो, पोळा असो, खोली उघडून ठरलेला तासभर बसावे, एकही माणूस आला नाही तरी. कारण दीड महिना विचार करून शेवटी त्या दिवशी निघालेल्याला दाराला कुलूप दिसले, तर तो पुन्हा लवकर येत नाही.